लाल रिबिनीची गाठ

परदेशात मी देशाकडून एकदाच धावलो, शंभर मीटर. सहावा आलो. महाडच्या बाजारात लोक कौतुकाने विचारत, "मास्तर, मागे किती होते?" मागे कोणीच नव्हतं, धावणारे सहाच होते. तरी हायस्कुलातली कवायत मास्तरची नोकरी मला त्याच सहाव्या नंबरावर मिळाली. त्या वेळचा निळा कोट दर क्रीडादिनी घाम गाळत मी मिरवायचो.

तुडीलची एक मुलगी शिकायला महाडला मामाकडे राहत होती. एका शनिवारी गावी जायची एस.टी. तिची चुकली, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिने ती पळत जाऊन गाठली! लगेच सोमवारी मी तिला मैदानावर उभी केली. वर्षभर सुटायचं कसं, हात कसे हलवायचे, सगळं घोटून घेतलं. पळायचं कोपऱ्यातल्या आंब्यापर्यंत.

तिचे वडील मुंबईला गिरणीत, त्यामुळे घरात शब्द आईचा. तिने मला स्पष्ट सांगितलं, "तालुक्याला पयली आली तर जिल्ह्याला धाडते. नाय तर शाळा पुरे. मुलगा बघून ठेवलाय."

तालुक्याच्या शर्यतीला आई मैदानाच्या काठावर येऊन बसली. पोरगी अशी सुटली की बाकीच्या कुठल्या कुठे राहिल्या. शेवटच्या रेघेशी मात्र तिने मान घातली, वाकली आणि ताणलेल्या दोऱ्याखालून अलगद पलीकडे गेली. दोरा छातीने तोडला तो मागून आलेल्या दुसऱ्या शाळेच्या मुलीने.

"अगं, तोडायचा होता तो!" मी ओरडलो.

"गुरुजी, वडाचं सूत हाय ते. तोडू कशी?"

खरंच होतं. लोकर मिळाली नव्हती, म्हणून वटपौर्णिमेला बायका वडाला गुंडाळतात तेच पांढरं सूत कोणीतरी आणलं होतं. आणि मी शहाणा! आंब्याला कुठला आलाय दोरा? ते शिकवायचं डोक्यातच आलं नव्हतं.

पंच म्हणाले, "दोरा जिने तोडला ती पहिली." माझं डोकं फिरलं. छाती रेघेवर आधी कोणाची, एवढंच बघायचं असतं, हे मी नको तेवढ्या मोठ्या आवाजात सांगितलं. शेवटी दोघींनी पुन्हा पळायचं ठरलं, आणि त्या लोकांनी पुन्हा तेच सूत ताणलं.

"मी परत वाकेन, गुरुजी," पोरगी रडवेली झाली. "माज्याच्याने तोडवणार नाय."

इतक्यात आई उठली. लेकीला घरी न्यायलाच उठली, असं मला वाटलं. तिने लेकीच्या दोन्ही वेण्यांच्या लाल रिबिनी सोडल्या, एकमेकींना गाठ मारली आणि पंचांच्या हातात दिल्या.

"तोडायचं काय नाय गो," ती म्हणाली. "गाठ सैल मारलीय. नुसती सोडवायची हाय."

मोकळ्या केसांनी पोरगी धावली. गाठ तिच्या छातीवर सुटली, आणि एक रिबीन खांद्यावर घेऊन ती पार काठापर्यंत गेली. मी निळा कोट हवेत फेकला. परदेशातसुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता.

आई तिच्या वेण्या पुन्हा घालायला बसली. आभार मानायला गेलो, तर वर न बघताच तिने विचारलं, "जिल्हा कुठं हाय, मास्तर? अशी सैल गाठ दुसऱ्या कुणाला जमायची नाय. मलाच यायला लागंल."