आला तर घरात तूप हवं

ये, कागदावर का होईना, अशी जवळ बस. फोनवर प्रश्न टाकायचा आणि उत्तर तोंडात असतानाच "ठेवते गं आजी" म्हणायचं, ही कुठली रीत? "तू रोज देवाला दिवा लावतेस ते खरंच मानून, की नुसती सवय आहे?" असं विचारलंस. मी चौथी शिकलेली बाई. पुढचं जे कळलं ते वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून आणि माणसांकडे बघून. त्यामुळे मला मुद्दा मांडता येत नाही, घडलेलं सांगता येतं. ते ऐक.

माझी आत्या कल्याणला आमच्याकडेच असायची. तिचे यजमान रंगूनला सागवानाच्या वखारीत कारकून होते. लढाईत तिथं बाँब पडले आणि माणसं चालत मुलखाकडे निघाली. त्यांच्या बरोबरचा एक जण गावी पोचला. तो म्हणाला, वाटेत नदी लागली, मी पुढच्या होडीत बसलो, ते मागच्या होडीनं येणार होते. बस, तेवढंच. मागच्या होडीचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आत्या कुंकू लावायची, मंगळसूत्र घालायची. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं यायचं, पण करंडा पुढं करताना समोरच्या बाईचा हात जरासा थबकायचा. मग आत्याच कपाळ पुढं करायची. मी तिचा पदर धरून शेजारी बसलेली असायचे, म्हणून मला दिसायचं.

जुनी रीत अशी, की बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला तर तो गेला असं धरायचं. पळसाच्या देठांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. मग दिवस, पिंड, सगळं रीतसर. मी दहा-अकरा वर्षांची असताना ती बारा वर्षं भरली, आणि आत्याच्या सासूबाई धाकट्या मुलाला घेऊन कोकणातून आमच्या दारात उतरल्या.

माझे वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला. देवाधर्मात त्यांचं मन नव्हतं, पण विधी करा म्हणणारे तेच. अक्कानं, म्हणजे आत्यानं, असं अधांतरी किती जगायचं, एकदा काय ते होऊन जाऊ दे, असं त्यांचं म्हणणं. आणि माझी आई, जिची पूजा कधी चुकली नाही, ती नको म्हणायची. तो कुठं जिवंत असला तर जित्या माणसाला जाळल्याचं पाप कुणी घ्यायचं? मला त्या वयात याची गंमत वाटायची. ज्याचा विश्वास नाही तो विधी मागतोय आणि जिचा आहे ती अडवतेय. मग कळत गेलं, की वडील मानत नव्हते म्हणूनच त्यांना तो विधी सोपा वाटत होता.

आत्या तांदूळ निवडत सगळं ऐकायची. शेवटी तिनं एकेकाला एकच विचारलं. तुला ठाऊक आहे का, ते गेले म्हणून? वडिलांनी नकारार्थी मान हलवली. ते आहेत म्हणून तुला ठाऊक आहे का? आईनंही पदर सावरत नाही म्हटलं. मग ती सासूबाईंकडे वळली.

सासूबाई म्हणाल्या, "मला काही ठाऊक नाही गं मुली. पण पाण्याचा पेला उचलला की घोट उतरत नाही. तो तहानेला असला आणि आपण पाणीच दिलं नसलं तर?"

आत्यानं सूप बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भटजी आले. म्हातारे होते, ओटीवर बसून आधी ताक प्यायले. आत्या दाराशी उभी राहिली आणि तिनं विचारलं, "विधी केला, आणि उद्या ते दारात उभे राहिले तर?"

आम्हां मुलांना वाटलं, आता भटजी रागावणार. ते रागावले नाहीत. म्हणाले, त्याचीही सोय सांगितलेली आहे. माणूस परत आला तर त्याला तुपात न्हाऊ घालायचं, तो नव्यानं जन्मला असं धरायचं, बारशापासून मुंजीपर्यंत सगळे संस्कार पुन्हा करायचे, आणि मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. थोराड माणसाचं बारसं म्हटल्यावर माझा भाऊ फिसकन हसला आणि आईचा चिमटा खाऊन गप्प झाला.

आत्या हसली नाही. "म्हणजे शास्त्रालासुद्धा खात्री नाही," ती म्हणाली.

"खात्री असती तर पुतळा कशाला लागला असता, बाई?"

आत्यानं भटजींचं ताकाचं रिकामं भांडं उचललं. मग म्हणाली, "करा तर. आईंच्या घशाखाली पाणी उतरू दे."

पुरुषमाणसं पुतळा घेऊन खाडीवर गेली. आत्यानं कुणाला हात लावू दिला नाही, कुंकू स्वतःच पुसलं, बांगड्या स्वतःच उतरवल्या. सासूबाई तिचा हात धरून रडल्या, आणि त्या दिवशी त्या तांब्याभर पाणी प्यायल्या. आत्याची मात्र पुढं हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. ती किंमत तिनं जाणून मोजली होती, हे विसरू नकोस.

दिवस उरकल्यावर तिनं आईकडे एक चिनीमातीची बरणी मागून घेतली. लोणी कढवून ती बरणी तुपानं भरली, फडकं बांधलं आणि फळीवर ठेवली. दरवर्षी दिवाळीच्या आधी जुनं तूप देवाच्या निरांजनाला काढायची आणि बरणी पुन्हा भरायची. त्यातलं चमचाभर आमच्या वरणभातावर कधी पडलं नाही.

वडिलांनी एकदा न राहवून विचारलं, "अक्का, अजून वाटतं तुला, येतील?"

ती म्हणाली, "येतील असं मी कुठं म्हणते? आले तर घरात तूप नाही, असं व्हायला नको."

ते आले नाहीत. सासूबाई शांतपणे गेल्या, खूप वर्षांनी आत्याही गेली. शेवटच्या दिवाळीतसुद्धा बरणी भरलेली होती.

आता तुझा प्रश्न. मी रोज दिवा लावते तेव्हा समोर कुणी आहे की नाही, मला ठाऊक नाही, आणि आहे असं खोटं मी तुला सांगणार नाही. पण कुणी असलं आणि माझ्या घरात अंधार असला, तर? सवय म्हण हवं तर. आत्याचीही सवयच होती.

बरणी माझ्याकडे आहे, कानाशी टवका उडालाय. परवा लोणी कढवणार आहे. घोडबंदर रोडवरून कल्याण काही परमुलुख नाही, ट्रॅफिकची सबब सांगू नकोस. या रविवारी ये. आणि ही बरणी काही राखून ठेवायची नाही; तुझ्या भातावर मी सढळ हातानं वाढणार आहे.