कोपऱ्यातला खुलासा

आजही सकाळचा पेपर उघडला, की शाईचा ओला वास येतो आणि मी शहागंजातल्या आमच्या जुन्या गल्लीत जाऊन उभी राहते. निजामी राजवट संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला थोडीच वर्षं झाली होती. मी नवी सून होते. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून रोज त्यांना पेपर वाचून दाखवायची.

एके दिवशी बातमी आली, की शेजारी दूध विकणाऱ्या रशीदाखालाच्या दुधानं मुलं आजारी पडली. गल्लीत एकही मूल आजारी नव्हतं, तरी दुपारपर्यंत खालाकडं कुणी फिरकेना. सगळं दूध नासलं.

सासूबाई मला घेऊन थेट पेपरच्या कचेरीत गेल्या. “साहेब, कोणाचं लेकरू आजारी हाय, त्याचं नाव सांगा,” त्या म्हणाल्या. संपादकांनी चूक दुरुस्त करायचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी बातमी खोटी असल्याचा खुलासा छापून आला, पण शेवटच्या पानावर, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत.

“हे कोण वाचणार?” मी म्हणाले.

“कुणी नाय वाचत, तर आपण ऐकवू. चल.”

दारोदार उभी राहून मी तो खुलासा मोठ्यानं वाचला. तेव्हा मला त्याची लाज वाटत होती. आज वाटतं, छापलेल्या शब्दाला जाब विचारायची हिंमत मला तिथंच मिळाली. काहींनी ऐकून दार लावून घेतलं. सासूबाई पुढच्या दाराची कडी वाजवायच्या.

संध्याकाळी खालाच्या ओट्यावर भांडं घेऊन पहिली आली ती समोरची गंगाबाई. बातमी ऐकून सगळ्यात आधी दूध मोरीत ओतणारी तीच होती.