नववी गाठ

माझी बायको तीन वर्षांपूर्वी गेली. तिच्यापासून मी फारसं काही लपवलं नाही, पण हे लपवलं. पोरांना माहीत नाही, पलटणीतल्या दोस्तांना माहीत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असता, तरी आता सांगितलंच असतं.

रडगाणं गाणार नाही, भिऊ नका. वय शहात्तर, दात बहुतेक स्वतःचे, गुडघे कुरकुरतात पण ऐकतात. दर वर्षी पाडव्याची गुढी उतरली की मी उन्हाळ्याचा बेत आखतो आणि कॅलेंडरच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहून ठेवतो. ऊन तापायच्या आत आगाशिवच्या डोंगराच्या पायऱ्या चढून यायचं. डॉक्टर नको म्हणतात, म्हणून विहिरीत एकच सूर मारायचा. रायवळ आंब्याचा रस एकदा तरी स्वतःच्या हातानं काढायचा. आणि जत्रेला दोस्तांची पंगत बसवायची. मलकापूरच्या पलीकडं आमचं गाव. जत्रा चैत्रात, आणि आमच्याकडं जत्रेला बोकड असतो.

सगळ्यात खाली एक ओळ असते. ‘म्हाकूला सांगणे.’ बायको विचारायची, काय सांगायचंय? मी म्हणायचो, जत्रेचा दिवस.

खोटं नव्हतं ते. पण खरं तरी होतं का?

म्हाकू माण तालुक्यातला, मेंढपाळ. त्याचा बाप दर उन्हाळ्यात कळप घेऊन आमच्या रानात उतरायचा. ऊस निघालेल्या शेतात रात्रभर मेंढ्या बसवायच्या, म्हणजे शेताला खत मिळतं आणि धनगराला धान्य. म्हाकू आणि मी एका वयाचे. त्याच्या घोंगडीवर मी झोपलोय, माझ्या ताटात तो जेवलाय. पुढं मी फौजेत गेलो, तो मेंढ्यांमागंच राहिला. पण जत्रेच्या पंगतीत तो माझ्या उजव्या हाताला बसायचा. ती जागा त्याचीच.

त्या साली — आता चाळीस वर्षं उलटून गेली — मी सुट्टीवर आलो होतो. नवं सिमेंटचं घर बांधलं होतं, आणि माझ्या कंपनीचे साहेब बाईसाहेबांना घेऊन जत्रेला यायचे होते. गावात अजून कुणाकडं असा पाहुणा आला नव्हता. मी चुना स्वतः लावला. उसन्या खुर्च्या आणल्या.

आणि मग मला उजव्या हाताच्या जागेची काळजी वाटू लागली.

का? सांगतो. म्हाकूच्या अंगाला मेंढरांचा वास यायचा. तो मोठ्यानं बोलायचा, रस्सा भुरकायचा, मला चारचौघांत ‘आन्द्या’ म्हणायचा. साहेबांसमोर तो मला नको होता. एवढंच. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

बोकड आणायला मी लोणंदच्या बाजारात गेलो. त्या वर्षी म्हाकूचा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तळ, फलटणच्या बाजूला होता, त्यामुळं तो तिथंच भेटला. त्यानंच बोकड निवडला. दात बघितले, पाठ दाबली, विकणाऱ्याची किंमत दोन-चार शब्दांत उतरवली. दोरी माझ्या हातात देऊन म्हणाला, “आन्द्या, यंदा आमी लांब हाय. जत्रा कवा हाय रं?”

जत्रा त्या दिवसापासून आठव्या दिवशी होती. मी म्हणालो, “नवव्या दिवशी.”

जीभ अडखळली नाही. अडखळली असती, तर कदाचित सुधारलं असतं.

त्यानं कमरेची लोकरीची दोरी काढली आणि तिला नऊ गाठी मारल्या. हे त्यांचं कॅलेंडर. रोज सकाळी एक गाठ सोडायची. दोरी सरळ झाली की निघायचं.

जत्रा झोकात झाली. साहेबांनी दोनदा रस्सा मागून घेतला. उजव्या हाताला बाईसाहेब बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हाकू आला. बरोबर त्याची बायको सखू, आणि खांद्यावर माझ्या वडिलांसाठी विणलेली नवी घोंगडी. मांडवाचे वासे काढणं चाललं होतं. घासलेली पातेली अंगणात पालथी घातली होती. तो दारात उभा राहिला. मी पुढं झालो आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “काय गड्या, जत्रा काल झाली की!”

त्यानं दोरी काढून बघितली. सरळ दोरीत काय दिसणार? मग बायकोकडं बघून हसला. “योक गाठ जादा मारली वाटतं म्या.”

दोघं पुढच्या सोप्यात बसून कालचा रस्सा जेवली. तो म्हणाला, “शिळा लय गोड लागतोय. बोकड कुणी निवडलाय!”

त्या क्षणी मी बोलू शकत होतो. वासे काढणारी दोन माणसं सोडली, तर ऐकायला होतंच कोण?

पुढं काय झालं ते ऐका, कारण खरा गुन्हा पुढं आहे. ती गंमत गावाला आवडली. दर जत्रेला म्हाकू दिसला की कोणीतरी ओरडायचं, “म्हाकबा, गाठी मोजल्या का न्हाई?” तोही हसायचा, आणि सगळ्यात मोठ्यानं मी हसायचो. पण त्यानं स्वतः गाठी मारणं सोडलं. लग्नाचा दिवस असो, बाजाराचा असो — दोरी सखूच्या हातात. म्हणायचा, “माजं डोस्कं न्हाई ऱ्हायलं गड्या. हिलाच इच्यारा.” ज्याला तीनशे मेंढरं तोंडावरून ओळखू येत होती, तो माणूस दिवस मोजायला भ्यायला लागला. हे मी उजव्या हाताला बसवून, वाढून वाढून बघितलं.

यंदा पाडव्यापासून मी आगाशिव रोज चढलो. घरच्यांना वाटलं, म्हातारा तब्येत करतोय. मला दहिवडीच्या पुढं एसटीतून उतरून म्हाकूच्या वस्तीपर्यंत तासभर चालायचं होतं. गाडी करून जायचं नव्हतं.

गेलो. तो बाजेवर बसला होता. पाणी प्यालो आणि सांगितलं. सगळं — वास, भुरकणं, साहेब. काही गाळलं नाही.

 त्यानं आत बघून हाक मारली, “सखू, भाईर ये.” आणि मला म्हणाला, “हिला सांग. हिच्यासमोर मी येडा ठरलोय.”

मी परत पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं. ती पदराला हात पुसत उभी होती.

“मला ठावं हाय, भावजी,” ती म्हणाली. “त्या दिशी बाजारात मी मागंच उभी हुते. तुमी नववाच म्हणलाव.”

म्हाकूनं तिच्याकडं बघितलं. “मग इतकी वरसं बोलली का न्हाईस?”

“बोलले असते, तर परत त्या दारात गेला असता का तुमी? तुमाला दोस्त योकच हुता.”

त्यानंतर त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, तिच्याकडंच बघत राहिला. त्या नजरेत काय होतं, हे सांगायचा मला अधिकार नाही. मी जत्रेचं आवतण घेऊन गेलो होतो, ते न देता उठलो. दिवस मात्र सांगितला. खरा.

जत्रा झाली. पंगत बसली, पंधरा-वीस दोस्त होते. उजव्या हाताची जागा मी मोकळी ठेवली होती. ती बघून एकजण म्हणाला, “म्हाकबा यील की उद्या!” सगळे हसले. मी ताटावरून उठलो आणि उभ्यानंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं — नवव्या दिवशी म्हाकू चुकला नव्हता. मी खोटं बोललो होतो. भाकरी मोडणारे हात थांबले. त्या दिवशी पातेल्यात बराच रस्सा उरला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी सोप्यात बसलो, म्हाकू बसला होता तिथं. मांडवाचे वासे निघाले. घासलेली पातेली अंगणात पालथी पडली. दुपार झाली, म्हाकू आला नाही. सुनेनं ताट आणलं. मी म्हणालो, कालचंच वाढ. शिळा रस्सा जेवलो.

गोड नव्हता.