जनाबाईची विहीर आणि जलतरंग सोसायटी

आज सकाळपासून आभाळ पांढरंफटक आहे. ऊन दिसत नाही, पण अंगाला चिकटतं. खाडीकडनं दुपारी जरा वारा यायचा, त्यानंही आज सुट्टी टाकलीय. आणि अशा दिवशी भिंतीपलीकडच्या जनाबाईच्या नातवाची हळद आहे. मांडव पडलाय, पाव्हणे उतरतायत. गेल्या आठवड्यापर्यंत ही हळद होते की नाही याचाच घोर होता. नवरा होता, नवरी होती, नव्हतं ते पाणी!

यंदा धरणाचा तळ दिसायला लागला. पालिकेनं पाणी आधी एक दिवसाआड केलं, मग त्याहून कमी. टाकीत पाणी साठायचं बंद झालं आणि किस्से साठायला लागले. पाणी मापून वाटावं लागतं. किस्से आपण भरभरून वाटू शकतो, म्हणून सांगतो.

मी काही शिकलेला माणूस नाही. माणदेशातनं तरुणपणी इकडं आलो, वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याची पोती वाहिली, आणि कोपरखैरण्याला ही खोली घेतली. आमच्या सोसायटीचं नाव जलतरंग. नाव ठेवणाऱ्याला पुढचं काय माहीत! 'आप्पा दिवसभर खालीच बसलेला असतो' असं म्हणून मला पाणी कमिटीत घेतलं. काम एकच, टाकीचा कॉक फिरवायचा आणि शिव्या खायच्या. पाण्याची टंचाई आली, पण शिव्यांची कधी आली नाही.

*

आमचे सेक्रेटरी सावंतसाहेब. मूळचे कोकणातले, बँकेतनं रिटायर झालेले. माणूस सज्जन, पण प्रत्येक गोष्ट जिन्यातनं ओरडून सांगायची सवय. एक दिवस ओरडले, "आज दाब कमी राहणार आहे हो! सगळ्यांनी काळजी घ्या!"

आमची कारभारीण हौसा स्वयंपाकघरात होती. तिला मागं बीपीनं चक्कर आली होती. तिनं लगेच तांब्याभर पाण्यात मीठ-साखर-लिंबू कालवलं आणि पिऊन आडवी झाली.

मी वर आलो. म्हटलं, "अगं, काय झालं?"

म्हणाली, "मला काय व्हायचंय? पण साहेब जिन्यातनं ओरडून माझ्या तब्येतीची चौकशी करतायत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! मान नको ठेवायला?"

म्हटलं, "बाई, नळाचा दाब कमी आहे."

ती उठून बसली. रिकाम्या तांब्याकडं बघत म्हणाली, "मग हे नळाला पाजायचं होतं व्हय!"

*

पाणी वाचवायची मीटिंग झाली. सावंतसाहेब म्हणाले, "सुरुवात माझ्यापासून. आजपासून माझी गाडी धुणार नाही!" टाळ्या पडल्या.

साहेबांची गाडी पांढरीशुभ्र. जीव की प्राण. ती उभी असते सोसायटीच्या भिंतीला लागून, एका सिमेंटच्या स्लॅबवर. त्या स्लॅबचं पुढं सांगतो. गाडीवर धूळ बसत गेली. साहेब रोज सकाळी तिच्याकडं आजारी माणसाकडं बघावं तसं बघायचे. पण शब्दाला पक्के राहिले.

मग कुणीतरी त्या धुळीत बोटानं ठळक लिहिलं, 'पाणी वाचवा'.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "माझ्या गाडीवर? माझ्या?"

आणि ती अक्षरं पुसायला त्यांनी तीन बादल्या पाणी ओतलं!

*

टँकरचं सांगायचं राहिलंच. कमिटीनं टँकर सांगितला होता. दुपारी गेटवर भोंगा वाजला. बायका बादल्या, कळश्या, कुकरसुद्धा घेऊन धावल्या. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "जलतरंग सोसायटी ना?"

सगळे एका सुरात, "हो हो हो!"

टाकी भरली, भांडी भरली, हौसानं पुरणाचं पातेलंसुद्धा भरून घेतलं. नंतर कळलं, तो टँकर सानपाड्याच्या जलतरंग सोसायटीचा होता. तिथंपण जलतरंग आहे, हे आम्हाला काय ठाऊक! म्हटलं, आपण खोटं तर बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी आमचा टँकर आलाच नाही. सावंतसाहेबांनी चौकशी केली तर तो सानपाड्याला गेलेला. साहेबांनी तिथल्या सेक्रेटरीला फोन लावला आणि झाप झाप झापलं. "तुम्ही सांगायचं नाही का, की हा आमचा नाही म्हणून?"

तिकडचा माणूस शांत. म्हणाला, "काल तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

साहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आम्हीपण तेच म्हणालो. तीनदा."

*

गावाकडनं धाकट्या भावाचा, महादूचा फोन आला. आमचं गाव म्हणजे पिढ्यान् पिढ्या दुष्काळी. त्या दुष्काळाला कंटाळूनच तर मी इकडं आलो. महादू म्हणाला, "आप्पा, तुमची बातमी बघितली. वाईट वाटलं. काही दिवस इकडं या."

म्हटलं, "अरे, तिकडं काय नद्या वाहतायत?"

"नद्या नाहीत, पण टँकर ठरल्या वेळेला येतो. आमचा दुष्काळ जुना आहे आप्पा, बसलेला आहे. तुमचा नवा आहे, सवय व्हायला टाइम लागंल."

*

मग कमिटीत बोअरवेलचा विषय निघाला. कुणीतरी पाणाड्या आणला. हा माणूस तळहातावर नारळ आडवा ठेवून चालतो. जमिनीखाली पाणी असेल तिथं नारळ आपोआप उभा राहतो, असं म्हणतात. सावंतसाहेब म्हणाले, "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण चालू द्या."

पाणाड्या गेटपासून निघाला, मागनं सगळी सोसायटी. टाकीपाशी नारळ आडवा. बागेत आडवा. जिन्यापाशी आडवा. फिरत फिरत तो साहेबांच्या गाडीपाशी आला आणि नारळ टाण्‌कन उभा!

बायकांनी हात जोडले. पाणाड्या म्हणाला, "साहेब, इथं इतकं पाणी आहे, इतकं पाणी आहे, की गाडी बाजूला घ्या."

साहेब म्हणाले, "अंधश्रद्धा! सरळ सरळ अंधश्रद्धा!"

तेवढ्यात भिंतीपलीकडनं हसू फुटलं. जनाबाई. मूळ गाववाली, आगरी म्हातारी. आमची बिल्डिंग उभी आहे ती एके काळी त्यांचीच शेतं. ती भिंतीवर हात टेकून म्हणाली, "अगो बाय, त्याला नारल कशाला पायजे? मला इचारायचा ना! थय माज्या सासऱ्याची विहीर हाय!"

तर ती विहीर. मागं एकदा सोसायटीनंच बोंब मारली होती, की विहिरीतनं मच्छर येतात, आमची पोरं आजारी पडतात. जनाबाई तेव्हा एकटी काय भांडणार? सोसायटीनं वर्गणी काढून वर स्लॅब टाकला. जागा नक्की कुणाची, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. स्लॅब वाळला, आणि आठवड्यात त्यावर साहेबांची गाडी उभी राहिली.

*

आता हळदीचं. जनाबाईच्या घरचा रिवाज असा, की हळदीचं पहिलं पाणी घरच्या विहिरीचं. विहीर झाकल्यापासून तिच्या घरात हे पहिलंच लग्न. म्हातारीनं अन्नच सोडायचं बाकी ठेवलं होतं. मला भिंतीवरनं म्हणाली, "आप्पा, माजी हलद याच पान्यान झाली, माज्या पोराची पन झाली. पोरगा तर गेला. आता त्याच्या पोराची काय नलाच्या पान्यान करू?"

आणि नळालाही कुठं होतं?

नातू समजूतदार. म्हणाला, "आजी, टेन्शन नको घेऊ. बाटलीच्या पाण्यानं करू."

"हां! मग नवरी पन बाटलीतनच आन!"

मी साहेबांकडं गेलो. हळू हळू सगळं सांगितलं. म्हटलं, "साहेब, विहीर उघडली तर तिची हळद होईल आणि आपल्यालाही वापरायला पाणी मिळंल. फक्त गाडी हलवायची."

साहेबांनी गॅलरीतनं एकदा गाडीकडं बघून घेतलं. मग म्हणाले, "आप्पा, तुम्ही भोळे आहात. पाणी टँकरनं आणता येतं. पार्किंग टँकरनं आणता येतं का?"

मी परत आलो आणि जनाबाईला तसंच सांगितलं.

ती रागावली नाही. संध्याकाळी नवी साडी नेसून, ताटात सुपारी-अक्षता घेऊन साहेबांच्या दारात गेली. मला सोबत नेलं. "साहेब, पयलं आमंत्रन तुमाला. गाडी नका हलवू. बिलकुल नका हलवू. आमी मांडव तिच्यावरनंच घालतो."

साहेब खुश. "बघा आप्पा, किती समजूतदार!"

"फकस्त एक हाय," जनाबाई म्हणाली. "आमच्याकडं हलद लावतात ती वाटीनं नाय, घमेल्यानं. पोरं नाचतात, फेकतात. गाडीला लागली तर निघनार नाय. पन शुभ असतंय!"

आम्ही जिना उतरून खाली यायच्या आत वरनं गाडीच्या किल्लीचा आवाज आला!

*

स्लॅब फोडला तेव्हा सगळी सोसायटी गॅलरीत. आत वाकून बघितलं तर खाली पाणी चकाकत होतं. जनाबाईच्या नातवानं आणि त्याच्या मित्रांनी गाळ काढला, दोन दिवस उपसलं, पाणी पुन्हा भरलं. आज सकाळी म्हाताऱ्या बायकांनी गाणी म्हणत पहिली कळशी काढली. जनाबाई काठावर बसून होती. डोळे पुसत होती का घाम पुसत होती, या उकाड्यात कळायला मार्ग नव्हता.

मग तिनंच हाक दिली, "या रं सगली! सोसायटीवाल्यांनी पन या, बादल्या आना!"

लोक काय थांबतायत? हौसा सगळ्यात पुढं, पुरणाचं पातेलं घेऊन. खालपासून वरच्या मजल्यापर्यंत सगळे उतरले. रांग भिंतीला वळसा घालून गेटपर्यंत गेली. मी आपला काठाजवळ खुर्ची टाकून बसलो होतो. आज कॉकही नव्हता आणि शिव्याही नव्हत्या, त्यामुळं चुकल्यासारखं वाटत होतं.

सगळ्यांत शेवटी सावंतसाहेब आले. इस्त्रीचा शर्ट, हातात बादली, बादलीवर झाकण. कुणाकडं बघत नव्हते. नातवानं पोहरा ओतला. साहेबांनी झाकण लावलं, 'थँक्यू' म्हणाले, आणि झपझप जिन्याकडं निघाले.

जनाबाई त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली, हळदीचा हात माझ्या गालाला लावला आणि म्हणाली,

"आप्पा, त्याला बोल, पानी गालून घे. आमचा मच्छर साधा हाय, सोसायटीत जाऊन बिगडंल."