शेवटच्या रिळातलं दुसरं ताट

शेवटचं रीळ संपलं, कॅन्टीनचे दिवे लागले, तरी गणपत जागचा हलला नाही. त्याचा धाकटा भाऊ काशिनाथ पुढच्या बाकांवर होता. तोही उठला नाही. मला वाटलं, मात्रा लागू पडली.

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मी तेव्हा वेल्फेअर ऑफिसर होतो. म्हणजे कॅन्टीनच्या पातळ डाळीपासून घरच्या भांडणापर्यंत जे कुणालाच नको असतं, ते ज्याच्या टेबलावर येतं तो माणूस. ऐंशीच्या दशकातल्या एका संपात गणपत गेटवर बसला आणि काशिनाथ आत कामाला गेला. संप मिटला, भावांचं मिटलं नाही. बेलवलीच्या एकाच घरात दोन चुली झाल्या. आता काशिनाथने गुजरातच्या प्लांटला ट्रान्सफर मागितली होती.

त्यांची आई माझ्या ऑफिसात येऊन बसली. "साहेब, येकदा बोलतं करा त्यांना. ह्यो गेला त परत नाय यायचा."

मॅनेजर म्हणाले, "सही करून मोकळे व्हा. तुम्ही काय त्यांचे मामा लागता?"

"एक महिना द्या, सर."

दर महिन्याला आम्ही कामगारांना प्रोजेक्टरवर सिनेमा दाखवायचो. या वेळी मी मुद्दाम दोन भांडलेल्या भावांचा आणला. त्यात धाकटा घर सोडून जातो. थोरला दोन ताटं वाढतो, एक समोरच्या रिकाम्या पाटापुढे ठेवतो आणि एकटाच जेवू लागतो. बस्स, तिथंच संपतो.

सिनेमा झाला की चर्चा, हे फॅड माझंच. "शेवटाचा अर्थ काय?" मी विचारलं. मग मीच म्हणालो, "थोरला वाट बघतोय. त्याचा राग गेलाय. काय गणपत, बरोबर ना?"

गणपत उठला. "नाय साहेब. वाट बघायची त ताट झाकून ठेवतात. असं वाढून ठेवतात ते मेलेल्याला."

बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. काशिनाथने चपला घातल्या आणि निघून गेला.

सकाळी काशिनाथ माझ्या केबिनमध्ये हजर. "साहेब, सही करा."

"अरे, तो सिनेमाबद्दल बोलला."

"सिनेमाबद्दल तुम्ही बोलत होता, साहेब. तो नाय."

मी सही केली. इतके दिवस दोघं नुसते गप्प तरी होते; मी बोलतं केलं आणि तुटलं.

काशिनाथ गेल्यावर आई पुन्हा आली. "साहेब, शिनेमात काय दाखवलंत हो त्यांना?" मी चहा मागवला, तो तिने घेतला नाही. उठून गेली.

पुढेही आम्ही सिनेमे दाखवले, पण सगळे विनोदी. दिवे लागले की मी सगळ्यांना घरी पाठवायचो. सिनेमाच्या शेवटाचा अर्थ ज्याचा त्याने घरी लावावा. वेल्फेअर ऑफिसरने विचारू नये.