मांड्यांचं दुकान

बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं, त्या वर्षांत आमच्या घरासमोर एका बाईनं मांड्यांचं दुकान काढलं. त्याआधी ती लग्नघरी जाऊन मांडे करायची. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायची आणि तापल्या खापरावर अलगद टाकायची.

दुकान छान चाललं. बदलीवर आलेले इंदूरकडचे साहेब लोकही मांडे न्यायचे. तिच्या हाताखाली बाया आल्या.

माझ्या बहिणीच्या लग्नाचे मांडे आणायला मी गेलो, तेव्हा टोपली बांधता बांधता तिनं विचारलं, "नवरीचा शालू कोन्त्या रंगाचा आहे, भाऊ?"

"हिरवा, काकू."

"पहिले नवरीला चुलीपाशी आनून मला दाखवत होते," ती म्हणाली. "आता समदे इथूनच टोपली घेऊन जातात."

तिला लग्नाला बोलवायचं आमच्या घरात कोणालाच सुचलं नव्हतं. त्याची चुटपुट अजून लागते. मी घाईनं म्हणालो, "काकू, तुम्ही चला ना."

तिनं पदराला हात पुसले. क्षणभर वाटलं, उठेल. मग तिनं दाराशी उभ्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं.

"दुकान कोन पाहील?" ती म्हणाली, आणि माझ्यामागच्या माणसाकडे वळली, "कितने चाहिए, साहब?"