ट्रेनरांच्या हातातला माइक

आमच्या बास्केटबॉल ट्रेनरांना रेफरीवर ओरडायला कारण लागत नसे, शिट्टी वाजली की पुरे. साडेसहा फुटांचा तो माणूस बाकावरून उठायचा, दोन्ही हात छताकडे न्यायचा आणि म्हणायचा, "काय पाहिलंत तुम्ही? मलाही दाखवा ना!" जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या त्या हॉलमध्ये त्यांचा आवाज असा घुमायचा की तुमच्या आजोबांनी त्यांचं नाव 'तोफ' ठेवलं होतं. मी सामन्याहून घरी आले की त्यांचा पहिला प्रश्न, "आज तोफ किती वेळा उडाली?"

गेल्या महिन्यात ट्रेनर वारले. तुमच्या आईनं फोनवर सांगितलं. नातवंडांनो, तुम्ही स्टुटगार्टमध्ये वाढताय, त्यांना कधी भेटला नाहीत, म्हणून हे लिहिते आहे. एखादा मराठी शब्द अडला तर आईला विचारा.

दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट. आजोबा तिथे एका कंपनीत इंजिनिअर होते. आई विद्यापीठात मेकॅनिकल शिकत होती आणि मुलींच्या बास्केटबॉल संघात बारा नंबरचा शर्ट घालून खेळायची. तिथे एक पद्धत आहे: ज्याच्या हॉलमध्ये सामना, त्यानंच गुण लिहिणारं टेबल चालवायचं. पगारी माणूस नसतो. पालक, मित्र, जो सापडेल तो. मी प्रेक्षकांत बसून हौसेनं वहीत गुण लिहीत असे. ट्रेनरांनी एकदा ती वही पाहिली, दोन पानं उलटली आणि म्हणाले, "गेनाऊ! अगदी हेच हवंय." पुढच्या शनिवारपासून मी टेबलावर. पहिला आणि तिसरा डाव लाल पेनानं, दुसरा आणि चौथा निळ्यानं, कुठे खाडाखोड नाही. 'देशपांडे' त्यांच्या तोंडात पूर्ण बसत नसे, म्हणून मी 'फ्राउ देश', म्हणजे देशबाई. पाहुण्या संघाच्या ट्रेनरांना ते माझी गुणांची शीट कौतुकानं दाखवायचे. "बघा, छापल्यासारखी आहे की नाही?"

मुलींवर मात्र त्यांनी कधी आवाज चढवला नाही. एखादीनं सोपा चेंडू घालवला तर तिला शेजारी बसवायचे, डब्यातली सफरचंदाची फोड द्यायचे आणि विचारायचे, "आल्झो, तर मग आता काय करायचं?" उत्तर तिनंच द्यायचं. तुमची आई सांगते, त्या प्रश्नाची तिला ओरडण्यापेक्षा जास्त भीती वाटायची.

वरच्या गटात जायचं की नाही हे ठरवणारा सामना आमच्या हॉलमध्ये होता. पाहुण्यांनी ढोल आणले होते, शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. शेवटची चार मिनिटं उरली असताना आमची उंच कात्या आणि तुमची आई एकाच चेंडूवर एकदम उडाल्या. शिट्टी वाजली. रेफरी पोस्टातून निवृत्त झालेले एक शांत गृहस्थ होते. फाउल कुणाचा ते शर्टाच्या नंबरानं सांगायला ते टेबलासमोर आले, दहासाठी मूठ दाखवली, मग पुढच्या आकड्यासाठी बोटं दाखवली. तोंडानंही काही म्हणाले, ते ढोलात बुडालं. मी अकरा लिहिलं. अकरा म्हणजे कात्या, आणि तो तिचा पाचवा फाउल. पाच झाले की खेळाडू बाहेर. कात्या रडत बाकावर गेली आणि आम्ही तीन गुणांनी हरलो.

सामन्यानंतर सगळ्यांचे आभार मानायला माइक असायचा. ट्रेनरांनी तो उचलला आणि भरल्या हॉलमध्ये म्हणाले, "आज आमच्या मुली हरल्या नाहीत. ज्या माणसाला अकरा आणि बारा यांतला फरक कळत नाही, त्यानं त्यांना हरवलं." रेफरी म्हणाले, "मी बारा दाखवले होते." ट्रेनर म्हणाले, "आमच्या टेबलावर फ्राउ देश बसतात. त्या चुकत नाहीत."

सोमवारी हेच स्थानिक वर्तमानपत्रात छापून आलं. बास्केटबॉल संघटनेचं पत्र आलं: जाहीर माफी मागा, नाहीतर उरलेला हंगाम बाकावर बसायचं नाही. रेफरींनी तर शिट्टी कायमची ठेवून द्यायचं ठरवलं होतं. बावीस वर्षं ते दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये उभे राहिले होते. ट्रेनर म्हणाले, "माफी? शीट माझ्याकडे आहे."

घरी तुमची आई म्हणाली, "मला वाटलं होतं शिट्टी माझ्यावरच वाजली."

"शीटवर कात्या आहे," मी म्हटलं. विषय संपला.

बुधवारी मी बेकरीत रांगेत उभी होते. माझ्या पुढच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात वर केला, अंगठा आणि तर्जनी. काउंटरवरच्या बाईंनी दोन पाव पिशवीत टाकले. मी रांगेतून बाहेरच आले. आपण बोटांची पेरं अंगठ्यानं मोजतो, म्हणून अंगठा आपल्याकडे मोजणारा असतो, तो स्वतः मोजला जात नाही. हे लोक अंगठ्यापासूनच सुरुवात करतात. तिथे राहून मला तीन वर्षं झाली होती, रोज हे डोळ्यांसमोर होत होतं. पण त्या गोंगाटात मी लहानपणच्या सवयीनं फक्त तर्जनी मोजली होती. रेफरींनी बाराच दाखवले होते. फाउल तुमच्या आईचा होता.

तशीच ट्राम पकडून हॉलवर गेले. ट्रेनर चेंडूंत हवा भरत होते. मी सगळं सांगितलं, हातानं करून दाखवलं. त्यांनी पंप खाली ठेवला. स्वतःचा अंगठा वर केला, मग तर्जनी, आणि बराच वेळ त्या दोन बोटांकडे बघत राहिले.

"कुणाला सांगितलंत?"

"अजून नाही. आता संघटनेला पत्र लिहिते."

"जा, लिहा. पण रेफरीला दोषी तुम्ही ठरवलं नाहीत फ्राउ देश, मी ठरवलं. माइक माझ्या हातात होता."

पुढच्या शनिवारी त्यांनी त्या रेफरींना घरी जाऊन, गाडीत घालून हॉलवर आणलं. तितकेच प्रेक्षक, वर्तमानपत्राची तीच बातमीदार. ट्रेनरांनी माइक घेतला. "मागच्या सामन्यात या गृहस्थांनी अचूक निर्णय दिला. चूक आमच्या टेबलावर झाली आणि ती न तपासता मी एका चांगल्या माणसाचा अपमान केला. मला माफ करा." नेहमी घुमणारा आवाज त्या दिवशी मागच्या रांगेपर्यंत पोचला की नाही, कोण जाणे. मी उठून उभी राहिले आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, "चूक माझी." रेफरी दोघांकडे बघून म्हणाले, "बरं, आता खेळू या का? मी शिट्टी आणली आहे." सगळा हॉल हसला. आजोबा माझ्या कानाशी म्हणाले, "अगं, तोफेला सायलेन्सर बसलेला पहिल्यांदाच पाहिला."

तरी तीन सामन्यांची बंदी त्यांना झालीच. त्यांनी ती निमूट भोगली. वरचा गट त्या वर्षी हुकला.

मी मात्र टेबल सोडलं होतं. दोन शनिवार घरीच राहिले. तिसऱ्या आठवड्यात ट्रेनर सफरचंदांची पिशवी घेऊन दारात उभे राहिले. चहा घेतला, पोह्यांना 'पिवळा भात' म्हणून दोनदा वाढून घेतले. मग म्हणाले, "टेबलावर नवीन मुलगी बसवली आहे. चुकली तर लपवते. मला तुम्ही हव्या आहात."

"पुन्हा चुकले तर?"

"मग पुन्हा ट्राम पकडून याल. शनिवारी तीन वाजता."

मी पावणेतीनलाच जाऊन बसले. दोन्ही पेनं तपासली आणि शीटच्या डोक्यावर सावकाश तारीख घातली.